शुगर ‘बॉर्डरवर’ असलेल्यांचा डबा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी लालबागला गेली १९ वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवते. रोज अडीचशेच्या आसपास पोळ्या आणि पंचावन्न डबे. पहाटे चारला कणीक भिजवायला घेते, साडेसातला पहिले डबे बाहेर पडतात. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या भागात रक्ततपासणीचं शिबिर होतं. त्यात माझी उपाशीपोटीची साखर ११२ निघाली. टेबलावरच्या मुलाने चिठ्ठीवर ‘बॉर्डरलाइन’ लिहिलं, त्याखाली ‘गोड बंद, भात कमी’ लिहिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. घरी येऊन मी सांगितलं, ‘काही नाही, शुगर बॉर्डरवर आहे.’ सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

हे पत्र मी त्या ‘बॉर्डरवर’ शब्दासाठी लिहिते आहे. आमच्याकडे तो ‘सुटलो एकदाचे’ अशा अर्थाने घेतात. माझ्या आईलाही पंचेचाळिशीत हाच शब्द सांगितला होता. त्यानंतर नऊ वर्षं तिची साखर कोणी तपासली नाही, तिनेही आठवण काढली नाही. पायाला मुंग्या यायच्या त्या तिने वयावर ढकलल्या. एका पावसाळ्यात नवी चप्पल अंगठ्याला चावली, ते तिला कळलंच नाही. जखम आम्ही पाहिली तेव्हा ती काळी पडायला लागली होती. अंगठा काढावा लागला. ती जखम रोज सकाळी मी धुवायची. पाणी कोमट आहे की कढत, हे पायाला कळत नसल्यामुळे ती आधी हात बुडवून बघायची, ते मला अजून दिसतं.

म्हणून तिसऱ्या दिवशी मी ती चिठ्ठी परत काढली आणि सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी एचबीए१सी केली, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी. ती ६.२ आली. पण हिमोग्लोबिन ९.८ निघालं, तेव्हा त्या म्हणाल्या, अंगात लोह कमी असलं की हा आकडा फुगून दिसू शकतो, एवढ्यावर विसंबायचं नाही. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त घेतलं. १५८. उपाशीपोटी १०० ते १२५, ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी १४० ते १९९, एचबीए१सी ५.७ ते ६.४, हा तो मधला पट्टा, प्रीडायबेटिस. त्याच्या वर गेलं की मधुमेह. बाईंनी मला समजेल असं सांगितलं: इन्शुलिन तयार होतंय, पण यकृत आणि स्नायू त्याला पूर्वीसारखी दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड दुप्पट राबतंय. ते दमलं की मग गोळ्या. आत्ता ते दमलेलं नाही, आत्ताच हात द्यायचा.

मी म्हटलं, ‘मी जाड कुठे आहे?’ उंची पाच फूट, वजन ६१. चाळीत मला कोणी जाड म्हणत नाही. त्यांनी टेप घेऊन पोटाचा घेर मोजला, ९१ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बाईचा ८० च्या आत हवा, पुरुषाचा ९० च्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांची गोष्ट त्यांनी सांगितली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण हातापायाने काटक दिसतो आणि चरबी पोटात साठवतो. ते ऐकल्यावर आरशाबद्दलचा माझा विश्वास उडाला.

आता खायचं काय? इथे मी पहिली चूक केली. ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं म्हणून एका ठिकाणी दीड हजार रुपये भरून आहाराचा तक्ता आणला. त्यात ओट्स, बदामाचं दूध, किनवा आणि ऑलिव्ह तेल. लालबागच्या बाजारात मी रोज भाजी घेते, मला मेथी, चवळई, पडवळ, वाल, मटकी दिसते. तो तक्ता मी अकरा दिवस पाळला. बाराव्या दिवशी घरातल्यांचा स्वयंपाक एकीकडे आणि माझा वाडगा दुसरीकडे, याचा इतका कंटाळा आला की तो कागद फळीवरच्या डब्याखाली सारला.

मग डॉक्टरबाईंनी सांगितलं ते केलं. आठवडाभर जे तोंडात जाईल ते लिहायचं. काही गाळायचं नाही, लाजायचं नाही. मी गिऱ्हाइकांच्या उधारीच्या वहीत मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली.

त्या वहीने माझे डोळे उघडले. मला वाटायचं, मी फार कमी खाते. जेवायला बसायची ती दुपारी साडेतीनला, आणि तेव्हा ताटात पोळी एकच असायची. पण पहाटे पाचपासून तव्याजवळ उभी असताना जी पोळी फाटते, करपते, ती मोडून चहाबरोबर तोंडात जायची. अशा दोन-तीन. सकाळी मुलाच्या ताटलीत उरलेले पोहे. दुपारी पातेल्याच्या तळाचा भात, ‘टाकायचा कशाला’ म्हणून, आमटी कालवून. संध्याकाळी चहाबरोबर दोन खारी. आणि चहा दिवसातून सहा वेळा. डबे भरायच्या वजनकाट्यावर मी साखरेचा चमचा ठेवून पाहिला, भरलेला चमचा पाच ग्रॅमचा निघाला. कपाला दोन चमचे, सहा कप, साठ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. मी तर ‘गोड खात नाही’ म्हणून अभिमानाने सांगत होते, कारण मी पेढा खात नव्हते.

सगळ्यात वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या आठवड्यात सात दिवसांत चार दिवस माझ्या पानात भाजी नव्हती. पंचावन्न लोकांची भाजी मी केली आणि ती संपली म्हणून मी भात-आमटी खाल्ली. संपादक महोदय, हे माझ्या एकटीचं नाही. आमच्या मजल्यावरच्या दहा घरांत विचारलं, आठ घरांत बाई शेवटी जेवते, आणि शेवटी उरतो तो भात आणि पोळी. भाजी, उसळ, मासळीचा तुकडा कधी उरत नाही. ‘भात कमी करा’ हे त्या बाईला सांगून काय होणार? तिच्या ताटातून भात काढला तर खाली ताटच उरतं.

म्हणून मी पहिला बदल केला तो खाण्यात नाही, वाढण्यात केला. सकाळी भाजी-उसळ झाली की डबे भरायच्या आधी माझी वाटी काढून झाकून ठेवायची. सासूबाई आधी रागावल्या, ‘बाईने आधी काढून ठेवायचं नसतं.’ मी आईच्या पायाची आठवण दिली. नंतर त्याच मला विचारायला लागल्या, ‘तुझी वाटी काढलीस का?’

दुसरं, पानाची मांडणी बदलली. पूर्वी अर्ध्याहून जास्त ताट पोळी-भाताचं, कोपऱ्यात भाजी. आता अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव ताटात उसळ किंवा घट्ट डाळ, कधी अंडं, कधी बांगडा, आणि उरलेल्या पावात एक ज्वारीची भाकरी नाहीतर दोन छोट्या पोळ्या. भात हवा असेल त्या दिवशी भाकरी अर्धी. जेवायला बसल्यावर आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी. हा क्रमही महत्त्वाचा आहे. भाजी आणि डाळ आधी पोटात गेली की मागून येणारी साखर रक्तात सावकाश उतरते. रात्री जेवून लगेच आडवं न होता भारतमाता सिनेमापर्यंत जाऊन यायचं, पंधरा-वीस मिनिटं. चालताना स्नायू ती साखर वापरतात. चहा तीनवर आणला, दोन चमच्यांचा अर्धा चमचा करायला सहा आठवडे लागले. दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं कमी केलं, जीभ कुरकुरली नाही. गुळाचा चहा मात्र करून पाहू नये. बऱ्याच बायका साखरेऐवजी गूळ घालून निर्धास्त होतात. साखरेच्या बाबतीत गूळ आणि मध हे साखरेचेच सख्खे भाऊ.

मुलाने साखर तपासायचं छोटं यंत्र आणून दिलं. पट्ट्या महाग, म्हणून दोनच महिने वापरलं, पण त्यातून जे कळलं ते कुठल्या तक्त्यात नव्हतं. नाचणी चांगली म्हणून मी रोज सकाळी नाचणीच्या सत्त्वाची गूळ घातलेली लापशी घेत होते. दोन तासांनी १६९. त्याच नाचणीची भाकरी मटकीच्या उसळीबरोबर खाल्ली, १३४. धान्य तेच. एकात वस्त्रगाळ पीठ पातळ शिजवून वर गूळ, तर दुसऱ्यात जाडसर पीठ आणि सोबत कडधान्य. भाकरी हे औषध नाही, तीही पिठाचीच आहे. तीन भाकऱ्या खाऊन ‘मी पोळी सोडली’ म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं.

आणि आषाढी एकादशी. आमच्याकडे त्या दिवशी सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचा भात, संध्याकाळी पुन्हा उरलेली खिचडी. खिचडीनंतर दोन तासांनी माझी साखर १८६ होती. मला धक्का बसला, कारण मी उपास केला होता! साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचं सत्त्व, शंभर ग्रॅममध्ये पंच्याऐंशीहून जास्त ग्रॅम नुसतं पिष्ट, प्रथिनं जवळजवळ नाहीत. शेंगदाण्याचं कूट घालतो तेवढाच काय तो आधार. पुढच्या एकादशीला मी राजगिऱ्याची एक भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, आणि ताक घेतलं. १३९. विठ्ठलाचा उपास मोडला नाही. श्रावण, चतुर्थ्या, नवरात्र धरून आमच्यातल्या काही बायका महिन्यातून सहा-सात दिवस साबुदाण्यावर असतात. त्यांना कोणी तरी प्रेमाने हे सांगायला हवं, उपासाची टिंगल करून नव्हे.

इथवर माझं घरचं झालं. पण मी डबे विकते. एक दिवस मी माझाच डबा काट्यावर ठेवला. चार पोळ्या, एकेका पोळीला तीस ग्रॅम कणीक. भाताची मूद दीडशे ग्रॅम. हिशेब केला तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पिष्ट. आमटीत माणशी डाळ किती? जेमतेम पंधरा ग्रॅम. भाजी पाऊण वाटी, ती आठवड्यातून दोनदा बटाट्याची. एकोणीस वर्षं मी लोकांना हे खाऊ घातलं. लबाडी नव्हती. पीठ-तांदूळ स्वस्त, पोट भरतं, गिऱ्हाईक तक्रार करत नाही. मुंबईतला बहुतेक डबा असाच असतो. हा डबा उघडणारा माणूस सकाळी लोकलमध्ये दीड तास आणि ऑफिसात आठ तास बसून असतो, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव खातो आणि रात्री दहाला पुन्हा भात. २०२३ साली आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, जी मोठी पाहणी प्रसिद्ध झाली तिच्यानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक प्रीडायबेटिसमध्ये आहेत. हा १३.६ कोटींचा आकडा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे डबेच आले.

मी डबा बदलला. दोन पोळ्या किंवा एक भाकरी, पूर्ण वाटी उसळ, पूर्ण वाटी भाजी, कोशिंबीर. भात सांगितला तरच, तोही अर्धी वाटी. मटकी, चवळी, वाल कणकेपेक्षा महाग पडतात, त्यामुळे डबा दहा रुपयांनी वाढवावा लागला. पहिल्या महिन्यात अकरा गिऱ्हाइकं सोडून गेली, त्यातली पाच परत आली. एक वॉचमनदादा आहेत, बारा तास उभ्याची ड्यूटी, शिवाय रोज घोडपदेवपासून चालत येतात, अंगावर मांस नाही. ते म्हणाले, ‘ताई, ह्यात माझं भागत नाही.’ त्यांचं बरोबर होतं. त्यांना मी चार पोळ्या आणि भात पूर्वीसारखाच देते, उसळ तेवढी वाढवली. सगळ्यांना एकच माप लावणं हाही अन्याय आहे.

‘डायबेटिक’ आटा आणि ‘डायजेस्टिव्ह’ बिस्किटं यांच्याबद्दल थोडक्यात. पाकिटाच्या मागे घटक लिहिलेले असतात ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, तसा नियम आहे. मी आणलेल्या बिस्किटांवर पहिला शब्द होता मैदा. पुढच्या बाजूला गव्हाची कणसं छापली होती.

माझं पुढे काय झालं ते सांगते. तीन महिन्यांनी एचबीए१सी ५.९. आठ महिन्यांनी ५.६, वजन ५६ किलो. मधल्या काळात लोहाच्या गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन सुधारलं होतं, त्यामुळे आकड्यातला काही फरक त्याचा असेल, म्हणून डॉक्टरबाईंनी ग्लुकोजची तपासणीही परत केली, ती १३१ आली. तरी मी दर सहा महिन्यांनी जाते. हे एकदा करून मोकळं व्हायचं काम नाही, दिवाळीनंतर माझी साखर थोडी चढतेच. माझ्याच डब्यावरच्या एका बँकेतल्या बाईंनी सगळं माझ्यासारखंच केलं, माझ्याहून काटेकोर, तरी त्यांना गोळी लागली. त्या रडवेल्या झाल्या होत्या. त्यात त्यांचा दोष काय? घराण्यात चार पिढ्या मधुमेह. आणि ज्यांना आधीच गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी भात-पोळी एकदम कमी करायच्या आधी डॉक्टरांना विचारावंच. औषध तेवढंच आणि खाणं निम्मं झालं तर साखर खाली जाऊन चक्कर येते, मी आमच्या जिन्यात पाहिलं आहे.

आहाराने खरंच फरक पडतो का, असं मला गिऱ्हाइकं विचारतात. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. आहार, चालणं आणि सात टक्के वजन कमी करायचं ध्येय, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, गोळीने ३१ टक्क्यांनी. ते परदेशी म्हणून सोडून दिलं, तरी चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्याच ५३१ लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात खाणं-चालणं सुधारल्याने २८.५ टक्के घट झाली, गोळीने २६.४, आणि दोन्ही एकत्र करून त्याहून जास्त फायदा झाला नाही. आपल्याकडे आकडा लहान आहे, हे मी लपवत नाही. पण शंभरातल्या ज्या लोकांचा पाय वाचतो त्यांच्यात आपली आई असावी असंच प्रत्येकाला वाटेल.

आता आपल्याकडे आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्यांकडे मागणं. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या सगळ्यांची साखर तपासायची आहे. पण शिबिरं सकाळी दहा ते एक, आणि उपाशीपोटी या म्हणतात. पहाटे चारपासून चुलीपुढे उभी असलेली बाई दहापर्यंत उपाशी राहून रांगेत कशी थांबेल? भाजीवाली, धुणीभांडी करणारी, कोळीण, कोणीच येऊ शकत नाही. एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही. तेवढी तपासणी तरी संध्याकाळी पाच ते आठमध्ये वस्तीत येऊन करावी, आणि सोबत हिमोग्लोबिनही बघावं. आकडा मधल्या पट्ट्यात आला तर चिठ्ठीवर ‘बॉर्डरलाइन’ लिहून पाठवू नये. पुढची तपासणी कोणत्या तारखेला आणि कुठे, एवढं तरी लिहावं.

आणि आपल्या पुरवणीबद्दल. श्रावण तोंडावर आला की उपासाच्या पाककृती छापून येतात, मी त्या आवडीने वाचते, करूनही बघते. यंदा त्यांत साबुदाणा-बटाट्याच्या कृतींबरोबर राजगिरा, भोपळा, दाणे, दही, ताक यांच्याही कृती द्याव्यात, आणि एरवीच्या पानावर रोजच्या उसळींना जागा द्यावी. कडव्या वालांची, मोड आलेल्या मुगाची, चवळीच्या पाल्याची, पावट्याची अशा चौदा-पंधरा उसळी-भाज्या माणशी मापासकट माझ्याकडे लिहून तयार आहेत. आपण कळवलंत तर वही पाठवून देते. फक्त ती परत मिळावी, पुढच्या पानांवर उधारी आहे.

आपली नम्र,
पोळी-भाजी केंद्र चालवणारी एक वाचक
लालबाग, मुंबई
(नाव छापू नये ही विनंती.)